शंभर अंशांवर किती सेकंद

जितेश मढवीने गाडी उभी केली तेव्हा
वॉचमनने आपली खुर्ची उचलून आत घेतली.
एवढी खाली बसलेली गाडी
घणसोलीच्या स्पीडब्रेकरवरून आली कशी,
हे सगळ्या गॅलऱ्यांनी एकदमच विचारलं.

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधला शेवटचा तुकडा
विकून घेतलेली. सेकंडहँड. रंग लाल नव्हे,
शिंपल्याच्या आतल्या बाजूचा.
मिनिटाला नऊ हजार फेरे.
"मावशे, गारीन कंचा तेल टाकू?
तुर्भ्याचा दुकानवाला बोलतो दहा-साठ,
जार म्हंजे मजबूत."

मला विचारतो, कारण सव्वीस वर्षं
रबाळ्याच्या प्लँटमध्ये माझं काम एकच होतं:
काचेची वाकडी नळी, तापवलेली टाकी, हातात स्टॉपवॉच.
वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत
तेल किती सेकंदांत उतरतं, ते वहीत लिहायचं.
चाळीस अंशांवर एकदा,
शंभरावर एकदा.
बाळंतपणाच्या रजेतही
दूध उतू जायच्या आधीचे सेकंद मोजत होते मी.

म्हटलं, पुस्तक आण.
कंचा पुस्तक?
गाडीबरोबर मिळतं ते. डिकीत नाही, पुढच्या खणात बघ,
पहिल्या मालकाने प्लास्टिकसुद्धा फाडलं नसेल.
फाडलं नव्हतं.

ऐक. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात जेवढी फट
तेवढंच तेलाचं घर. केसाहून अरुंद.
नऊ हजारावर तिथे धातू धातूला शिवत नाही,
मध्ये एक पापुद्रा उभा असतो, त्याच्या जिवावर सगळं.
फार जाड तेल
भरल्या मांडवात उशिरा शिरणाऱ्या व्याह्यासारखं,
आधी वाट बघायला लावतं, मग स्वतःच तापतं.
फार पातळ वेळेवर पोचतं, पण माऱ्यात फाटतं.
म्हणून पाच-चाळीस. हे बघ, पुस्तकातही तेच आहे.
डब्यावरचा वाघ बघू नको,
मागचा बारीक मजकूर बघ:
दीडशे अंशांवर, घासाघाशीत,
साडेतीनच्या खाली उतरतं का?
उतरत असेल तर डबा परत.

"येवराच?"
त्याला काहीतरी गुपित हवं होतं.

येवराच नाही रे. किलोमीटर मोजू नको, तास मोज.
आणि पाण्याचा काटा आधी वर येतो.
तो खोटं बोलत नाही,
पण तेलाबद्दल तो काहीच बोलत नाही.
तेल मागून तापतं, दहा मिनिटांनी.
तोवर चार हजाराच्या वर जायचं नाही,
पाम बीच रोड कितीही रिकामा असो,
शेजारच्या गाडीतला कितीही हसो.
इंजिन धावताना फारसं झिजत नाही.
झिजतं ते निघताना,
रात्रभर खाली निथळलेलं तेल
परत वर पोचायच्या आधी.

त्याने झाकण उघडून नाक जवळ नेलं.
"बाबाचे शर्टाला असाच वास यायचा."
त्याचा बाप आमच्याच प्लँटवर ड्रम लोटायचा.
तो वास तेलाचा नसतो,
त्यात घालतात त्या गंधकाचा असतो.
हे मी सांगितलं नाही.

रविवारी, पहाटे साडेपाचला, खालून आवाज आला.
मी उठले नाही. पडल्या पडल्या मोजलं:
टकटक, एक. टकटक, दोन.
मग थांबली.
गाडी दूधवाल्याच्या वेगाने गेटबाहेर गेली,
खाडीकडच्या वळणापर्यंत एकदाही ओरडली नाही.
पुढे त्याने काय केलं ते त्या रस्त्याला माहीत.

जुन्या वहीत दोन पानं कोरी होती.
तारीख टाकली.
अडीच सेकंद.