रविवारची वही

वही माझ्याकडे असते. लाल पुठ्ठ्याची,
किराणा दुकानात उधारीची असते तशी.
नाव, किलोमीटर, सही, शेरा.
सव्वापाचला पार्क चौकात, चहाची गाडी लागायच्या आत
मी ती सीटवर उघडते
आणि अंधारातून एकेक दिवा येत जातो.

मे संपता संपता मल्लेशम येमुल आले.
वय त्रेसष्ट, छातीत दोन स्टेन्ट,
गळ्यात स्वतःच्याच मागावरचा टॉवेल,
आणि सायकलच्या पोटाशी बॅटरी.
बटण दाबलं की हँडलवर हिरवा ठिपका.

इरण्णा कलशेट्टी म्हणाला, "काका, ही गाडी झाली की ओ."
"पायडल मारल्याशिवाय हालत नाही."
"मग अर्धी गाडी."
फैजान म्हणाला, चढाला हे पुढं निघून जाणार,
आपण मागं धापा टाकत. मग सोबत कसली?
आणि मधेच बंद पडली,
तर सव्वीस किलो कोण ढकलणार?

शंका खरी होती. मी मान हलवली.
माझ्या मनात मात्र जरा हलक्या प्रतीचं होतं :
तीन वर्षं मांड्या जाळून मी कमावलेली जागा
कुणीतरी हप्त्यावर घेऊन आलं होतं.

हात वर करा म्हटलं. अकरातले सात विरुद्ध.
सातवा माझा.
"आज या काका, पुढच्या रविवारचं बघू."
आमच्याकडे नाही म्हणायची हीच रीत.

तुळजापूर नाका. मग हिप्परग्याचा तलाव,
पाणी आत आत गेलेलं, काठाला चिखलाच्या भेगा
आणि एक बगळा, हिशेब चुकल्यासारखा.
चढावर मल्लेशम पुढे गेले नाहीत.
सगळ्यांच्या मागे राहिले,
गुणगुणणारं चाक घेऊन.

तामलवाडीला त्यांनी डबा उघडला, शेंगापोळी वाटली.
इरण्णानेही घेतली. दोन घेतल्या.
"माझा बाप हातमागावर," मल्लेशम म्हणाले,
"गल्लीत पहिली मोटार बसली तेव्हा लोक म्हणले, ही काय विणकरी?
दोन वर्षांत म्हणणाऱ्यांच्या घरात पण खटखट."
"आणि वडील?"
"त्याचा खांदा रात्री दुखायचा थांबला."
डब्याचं झाकण लावता लावता :
"पण मागाशी बोलायचा, ते सोडलं त्याने."
यावर कुणाला काही सुचलं नाही.

परतताना वारा सुटला. समोरून, धुळीचा, आडदांड.
इरण्णा आणि फैजान ठिपके झाले, मग तेही नाही.
माझे पाय संपले तिथे
एक टॉवेल फडफडत शेजारून पुढे आला.
"मागं लागा, ताई."

लागले.
वाऱ्यात एक भोक पडलं, माणसाच्या आकाराचं,
आणि मी त्यात मान खाली घालून बसले.
चौदा किलोमीटर.
पुढच्याच्या पाठीआड लपायला
आम्ही सायकलवाले तंत्र म्हणतो,
नव्या पोरांना शिकवतो,
त्याला हिरवा ठिपका नसतो.

नाक्याच्या अलीकडे त्यांचा ठिपका तांबडा झाला, मग गेला.
सव्वीस किलो, त्रेसष्ट वर्षं, वर जाणारा रस्ता.
मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा भिजून चिकटला होता.
"हात काढा," ते म्हणाले. रागाने नाही.
"एवढं माझं मला मारू द्या."
मी हात काढला, आणि घाबरून
शेवटपर्यंत त्यांचा श्वास मोजत राहिले.

पार्क चौकात सगळे चहा घेऊन उभे.
मल्लेशमनी वहीत सही केली, तेलुगूत,
गोल गोल अक्षरं, एकात एक अडकलेली.
चव्वेचाळीस किलोमीटर. तो आकडा मी भरला.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं.
इरण्णा वाकून बघत होता.

लिहिलं : वारा समोरून.

पुढच्या रविवारचं
अजून कुणी काही बोललेलं नाही.
माझा हात, तो वर केलेला,
अजून कोपरात दुखतो.