मूंदनंतर

लॉ कॉलेज चौकातला वर्ग. कूलर नुसताच घरघरतो,
खस सुकलेली.
सर सांगतात : माणसं मारली
तर वंशसंहार.
भाषा मारली तर...
मसुद्यात होतं तिसरं कलम,
अठ्ठेचाळीसच्या मतदानात गळालं.
परीक्षेला येत नाही. पुढे चला.

मी समासात मोजते :
उंदी, रंड, मूंद.

आश्रमशाळेत येर मागितलं
की पाणी मिळायचं नाही.
एका दुपारी 'पाणी' म्हणाले.
थंडगार होतं,
खोटं कशाला बोलू.
हजेरीत मूरी सिडामची मीरा झाली.
ना पंचनामा, ना प्रेत.

संध्याकाळी धाकटीचा फोन :
ताई, मूंदनंतर काय गं?

थांब, म्हटलं, गाडीचा आवाज येतोय.
सीताबर्डीपर्यंत पायीच गेले
आठवत.