जांभळ्याचं पिवळं

मुरुडशेंगा सुरगाण्याहून आल्या
खताच्या गोणीत, एसटीच्या टपावरून.
चिंधू भोयेंनी गोणीला चिठ्ठी बांधली होती:
'पोटदुखीवर देतो आम्ही. बाकी तुमचं तुम्ही बघा.'

अकरा दिवस सावलीत वाळवल्या, दळल्या,
मिथेनॉलमध्ये भिजत घातल्या.
शेवटी फ्लास्कच्या तळाशी उरलं
नखाएवढं काळपट, काकवीसारखं चिकट.
त्याला नाव दिलं एम-चार.

पहिली परीक्षा सोपी.
जांभळ्या द्रावणात एम-चारचे थेंब,
अर्धा तास अंधारात,
आणि जांभळं उतरत उतरत पिवळं.
खैरनार मॅडम दारातूनच म्हणाल्या, "वा!"

दुसरी उलटी.
तिथे पिवळं घालायचं आणि वाट बघायची.
कर्करोगाच्या पेशी जगल्या असतील
तर त्या पिवळ्याचं जांभळं करतात.
पहिल्या वर्षी माझी गल्लत व्हायची,
एकदा तर चार दिवस उगाच खूश होते.

मग पेपरात बातमी आली, चौथ्या पानावर:
'नाशिकमध्ये सापडलं कर्करोगावर औषध'.
मी 'प्राथमिक' म्हटलं होतं.
तेवढाच शब्द छापताना गळला.

सोमवारी येवल्याहून किसनसा आले.
पैठणी विणणारे, पूर्वी रेशीमही घरीच रंगवायचे.
साडीच्या पिशवीत बायकोचे रिपोर्ट.
"एक बाटली द्या. काय होतील ते सांगा."

मी पाणी दिलं. समजावत राहिले.
माझीच वाक्यं मला
तोंडी परीक्षेतल्यासारखी ऐकू यायला लागली.
शेवटी प्लेट त्यांच्यापुढे ठेवली,
शहाण्णव खळगे, करंगळी बुडणार नाही एवढे.

ते वाकले, पदराची बुट्टी तपासावी तसे.
"कडेला रंग दाट का?"
"कडेचं पाणी आटतं."
"म्हणजे कड हिशेबात धरायची नाही."
"नाही धरत."
"आणि ही रांग?"
"तिच्यात औषध घातलंच नाही. तुलनेसाठी."
"सगळ्यात सुरेख तीच दिसते."
मी काही बोलले नाही.
ते कळल्यावर तेही बोलले नाहीत.

मग त्यांनीच बोट ठेवलं, "इथे फिकं झालंय."
झालं होतं.
पण तेवढं अंगात जायचं
तर माणसाला घागरभर प्यावं लागेल,
आणि त्या घागरीनं आणखी काय काय मरेल
ते अजून कुणी मोजलेलं नाही.

"कच्चा रंग आहे म्हणा की," ते म्हणाले,
रागानं नाही,
एका कारागिरानं दुसऱ्याला सांगावं तसं.

पिशवी काखेत मारली. दारापाशी थांबले.
गोणीतल्या चार शेंगा मागितल्या,
पिळाच्या, सुतळीसारख्या.
"पोटाला तरी चालतात ना?"

मी चिंधू भोयेंची चिठ्ठी
वाचून दाखवली.