पाचवा नट

व्होरू गावाच्या कडेला, गॅरेजांच्या लांबलचक रांगेत
एकोणचाळीस नंबरचं दार आम्ही दोघं मिळून ओढतो.
खाली बर्फ गोठून बसलाय. दार कुरकुरतं, मग एकदम हार मानतं.
हेल्डुर म्हणतो, मार्च हा असाच,
धड हिवाळा नाही, धड काहीच नाही.

खड्डा त्याचा, गाडी माझी.
भाडं : शेपू घालून मुरवलेल्या काकड्यांच्या दोन बरण्या,
एक आत्ता, एक काम झाल्यावर.
खड्ड्यात उतरायची त्याला मनाई आहे.
जानेवारीत, वॉर्ड तीनमधून घरी सोडताना दिलेल्या
त्या कागदावर सही डॉक्टरांची, अक्षर माझं.
तर मी खाली, तो वर,
उलट्या बादलीवर बसून, अखंड बोलत.

तपासणीवाल्यानं बोट घालून दाखवलं होतं :
डाउनपाइपला, जाळीच्या जागी, चीर.
टर्बोच्या तोंडून निघालेला सगळा ताव
तिथंच फसकन वाया जायचा,
चढावर सुबारू धापा टाकायची
आणि मी म्हणायची, चल, चल ना,
कुणाला म्हणायची कोण जाणे.

सहा हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ.
काल रात्री तेल मारून ठेवलंय, सकाळी पुन्हा.
'घाई केलीस की मोडेल,
आणि मोडला की तुझ्याशी बोलणार नाही,' वरून आवाज.
हा माणूस चाळीस वर्षं ट्रॅक्टरांशी बोलला,
माणसांशी हल्लीच.

पाच नट. पहिला चीं करून सुटला. दुसरा मुकाट्यानं.
तिसरा स्टडसकट हातात आला,
हेल्डुरनं तो तळव्यावर घेऊन पाहिला,
मुळासकट निघालेल्या दाढेसारखा.
चौथ्यापाशी माझ्या शाळेतल्या शिव्या संपल्या,
मग गावच्या बोलीतल्या काढल्या,
जुन्या, जड. त्यांनी हलला.

पाचवा दिसतच नाही.
टर्बोच्या पोटाखाली, पत्र्याच्या आड.
आरसा धरला तर आरशात माझाच डोळा.
वरचं बोलणं थांबलं,
आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर एक बूट उतरला.
'बूट वर,' मी म्हटलं, वॉर्डातल्या आवाजात.
बूट वर गेला.

मग मी दिवा विझवला.
रात्रपाळीला म्हाताऱ्या हातांत शीर सापडत नाही
तेव्हा डोळे मिटते, तसे मिटले.
दिसण्याचीच कधीकधी अडचण होते.
बोटाचं पेर पुढं, जरासं मागं,
कातडीखाली किंचित उसळी लागेल तिथं थांबायचं.
याचीही अशीच सापडली होती, चौथ्या प्रयत्नाला,
आणि तेव्हाही हा बोलतच होता.
इथं उसळी नाही. गारठा आहे, गंजाची पूड,
सहा कडा, त्यातल्या दोन झिजलेल्या.
चौदाचा पाना, लांब दांडी, मध्ये वाकणारा सांधा.
श्वास सोडता सोडता ओढायचं,
हेही तिथंच शिकले.

सुटला. आवाज झालाच नाही.
पाइप तेवढा पाव इंच खाली आला
आणि माझ्या खांद्यावर टेकला,
बसमध्ये शेजारच्याला पेंग यावी तसा.

नवा चढवण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तीन तास.
गॅस्केट उलटं लावलं, काढलं, लावलं.
रबरी कड्यांना भांड्यांचा साबण चोपडला.
सेन्सरची वायर आखूड पडलीसं वाटलं, पडली नव्हती.

अंधारताना किल्ली फिरवली.
आधी धूर : तापत्या नळीवरून
माझ्याच बोटांचे तेलकट ठसे जळून जात होते.
हेल्डुरचा डावा कान गेलेला, उजवा अर्धा.
त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्याशी टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडावर,
आणि ऐकत राहिला, कितीतरी वेळ,
अगदी आमच्या डॉक्टरांसारखा, चेहऱ्यावर काही न दाखवता.
'गळतंय का?'
'थांब.'

जुना पाइप बाहेर पडलाय,
त्याच्याभोवती बर्फावर तांबूस डाग पसरतोय.
दुसरी बरणी हेल्डुरच्या मांडीवर, झाकण घट्ट बसलेलं.
दे इकडे, मी म्हटलं.
नाही, तो म्हणाला. हे माझं मी बघतो.