सतरा

बाबा बांधकाम खात्यात दगड रंगवत.
वरचा घुमट पिवळा, खालचं पोट पांढरं,
काळ्या रंगात गावाचं नाव, किलोमीटर.
खवासाच्या जंगलापासून पैनगंगेच्या पुलापर्यंत
सात नंबरचा रोड त्यांच्या मनगटात होता:
देवलापार, मनसर, कन्हान, कामठी,
नागपूर,
मग बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडनेर, करंजी,
पांढरकवडा.
पांढरकवडा म्हणताना ते अजून श्वास घेतात.
अक्षरं सहा, दगड एवढासा,
'डा' दरवेळी कडेला चेंगरायचा.

मग दिल्लीहून कागद आला, सातचा चव्वेचाळीस झाला.
रस्ता होता तिथंच पडून होता,
डांबराला पत्ताही लागला नाही.
मुकादम म्हणाला, काहून बे सदाराम, रोड वाढला का?
बाबा म्हणाले, एकाचे दोन आकडे झाले,
रंग जास्त लागंल.

मी टोलनाक्यावर रात्रपाळीला बसते.
काश्मीरची सफरचंदं खाली जातात,
नामक्कलची अंडी वर.
मनसरचं मँगनीज ताडपत्रीखालून सांडत जातं.
पवनचक्कीचं एकच पातं, तीन ट्रकांएवढं लांब,
त्याच्यापुढे जीपमध्ये लाल झेंडी धरून
एक पोरगा बसल्या बसल्या झोपलेला.
खिडकीतून आता हात येत नाहीत.
काचेवरची पट्टी वाचली जाते, दांडा उठतो.
नागपूर किती राहिलं, हे फोनमधली बाई सांगते.
पेंचकडे तर रस्ताच उंच केलाय,
वाघ खालून जातो,
त्याला वाचायचं नसतंच.

बाबा म्हणत, तीस वर्षं रंगवले,
वाचताना एक माणूस दिसला नाही.

मग तो उन्हाळा आला. ट्रक थांबले
आणि माणसं निघाली, हैदराबादकडून, पायी,
शिवनीला, बालाघाटला, रिव्याला.
खापरीच्या आमच्या दारावरून तीन आठवडे.
ती दगड वाचत. प्रत्येक दगड. मोठ्यानं.
एक म्हातारी आकडा बोटानं चाचपून पुढे गेली.
बाबांनी ते पाहिलं आणि रात्री ताट सरकवलं.

डोंगरगावजवळ एक चुकला हाये, म्हणाले.
नागपूर सतरा लिवलं. पायजे एकवीस.
त्या दिवशी तारीख सतरा होती,
दुसरं कारण त्यांना सापडत नव्हतं.
एकोणीस वर्षं कोणी बोललं नाही,
ट्रकाले चार किलोमीटर म्हणजे एक बिडी.
पण पायी चालणारा सतरा वाचते,
एक किलोमीटर चालते,
आन् पुढचा दगड त्याले म्हणते, वीस.

सायकलला डबा अडकवून निघाले.
जामठ्याला शिपायानं अडवलं,
झाकण काढून हुंगलं,
दारू नाही म्हणून सोडलं.
बॅटरी दातात धरून बाबांनी सतरा पुसला,
एकवीस काढला.
वाळायच्या आत एक पोरगा येऊन दगडाला टेकला.
उठवू कसा, म्हणतात, डोळे मिटले होते त्याचे.
पहाटे पाठीवर उलटा एकवीस घेऊन
तो नागपूरकडे चालू लागला.
बाबांनी उरलेला आकडा पुन्हा भरला.

पुढे रुंदीकरणात तो दगड उपटला.
आता एका धाब्यासमोर आडवा पडलाय,
त्यावर बसून ड्रायव्हर दात घासतात.
वरचा रंग उडाला, खालून सतरा डोकावतो,
आणि धाब्यापासून नागपूर
ना सतरा, ना एकवीस.

बाबा कधी कधी तिथं चहाला जातात.
परवा सेलमच्या एकानं विचारलं, नागपूर कितना?
फोन त्याच्या हातातच होता.
बाबांनी कप खाली ठेवला,
रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले,
आणि ओठ हलवत
दक्षिणेकडून एकेक दगड मोजत आले.