शनिवारचा चौथा तास

परिपत्रक आलं तेव्हा मी खिचडीची वही भरत होते.
जावक क्रमांक, संदर्भ क्रमांक, वर लाल शाईत ‘तात्काळ’.
माहिती साक्षरता. इयत्ता सहावी ते आठवी.
शनिवारी चौथा तास, मिनिटं पस्तीस.
तो ग्रंथपालांनी घ्यावा, असं लिहिलंय.

आमचे ग्रंथपाल निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली.
कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या खणात आहे म्हणतात.
कोण म्हणतं, ते मी कधी विचारलं नाही.

मग तास माझ्याकडे आला,
मतदारयाद्या येतात तसा.

फळ्यावर चार प्रश्न लिहिले:
कोणी सांगितलं? कधी? कशावरून?
आणि त्यात त्याचं काय?
(चौथ्या जागी ‘हितसंबंध’ होतं. तो शब्द
आमच्या चेंबूरच्या टोकापर्यंत येता येता दमला असता.)

नमुन्याला परवाचाच निरोप घेतला:
गॅस गळतोय, बिल्डिंगी सोडा, दहा जणांना पाठवा.
वर्गाला तो तोंडपाठ.
रात्री दीडला अख्खी अकरा नंबर खाली उतरली होती,
लिफ्ट बंद,
संबोधी पाईकरावचे आजोबा
सात मजले प्लॅस्टिकच्या खुर्चीतून.

नावेद शिकलगारने व्हिडिओ थांबवून बोट ठेवलं,
‘बाई, दुकानाची पाटी बघा, ही आपली लिपीच नाही.’
मी टाळ्या वाजवायला लावल्या.
परिपत्रकाला हवं होतं ते बारा मिनिटांत झालं.

तेवढ्यात संबोधी उभी राहिली.
‘बाई, निरोप खोटा. पण वास?’

वास तेव्हाही येत होता,
टाक्यांच्या भिंतीवरून, अंडं नासल्यासारखा,
शेवटी जरासा गोडूस.
इथली मुलं दुसरीपर्यंत नाक मुरडतात,
मग सोडून देतात.

‘आमच्या जिन्याखाली कागद लावलाय,
घाबरण्याचे कारण नाही.
त्याला मी हे चार विचारले.
सही नाही. तारीख नाही. कशावरून, तेही नाही.
चौथ्याचं उत्तर मला येतं,
पण आजोबा म्हणाले, शाळेत बोलू नको.’

एक्केचाळीस माना माझ्याकडे वळल्या.
परिपत्रकाच्या मागच्या बाजूला
‘शिक्षकांसाठी सूचना’ आहेत, अकरा.
मी त्या चाळल्या, त्यांच्यासमोरच.
मग म्हटलं, मला माहीत नाही.
कोणीतरी मागे हसलं. नावेद नव्हता तो.
घंटा होईपर्यंत आम्ही तशीच बसलो,
खिडक्या उघड्या.

अहवालाची लिंक पाचला बंद होते.
किती विद्यार्थी माहिती-साक्षर झाले? आकड्यात भरा.
एक्केचाळीस टाकले. पुसले.
एक टाकला, तोही पुसला,
कारण ती शाळेत यायच्या आधीपासूनच होती तशी.
रकाना रिकामा सोडता येत नाही.
शून्य चालतो.
प्रश्नचिन्ह टाकून पाहिलं,
‘अवैध नोंद’ असं लाल अक्षरांत आलं.

चार सत्तावन्न.
खाली सही कोणाची, तारीख कोणती,
तेवढं मात्र ते विचारतात,
माझी.