बाटली क्रमांक सतरा

बाटलीवर नाव नाही. नुसता सतरा.
पांढरी पूड, शाहूपुरीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये
साखर म्हणून चहात पडली असती अशी.
वास नाही. चाखायची मनाई.
हुद्दार मॅडम म्हणाल्या, आम्ल आहे, सेंद्रिय आहे,
पुढचं तुम्ही सांगायचं.

शून्य पूर्णांक एक पाच शून्य ग्रॅम.
तराजूच्या काचा ओढून घेतल्या
तरी रस्त्यावरच्या गडहिंग्लज एसटीनं
शेवटचा आकडा जागेवर बसेना.

ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा,
खाली शंकुपात्र, त्याखाली पांढरी लादी.
पहिल्या फेरीला हात सुटला.
एकवीस पूर्णांक चार, आणि रंग थेट
रंकाळ्यावर विकतात त्या म्हातारीच्या केसांचा.
शिवगोंडा मामांनी काही न बोलता भांडं ओतून दिलं.
मग म्हणाले,
"थेंब मोजू नगंस. तळाला बघत ऱ्हा.
जायचा रंग जातोय, ऱ्हायचा ऱ्हातोय."

दुसऱ्यांदा वीस.
तिसऱ्यांदा तोटीला अर्धा थेंब लटकून राहिला.
तो काचेला टेकवून घेतला,
पाण्याच्या धारेनं आत ढकलला,
आणि आलेला रंग इतका फिका
की तस्लीमला विचारावं लागलं, तुला दिसतोय का?
"दिसतोय. आता हात लावू नको."
वीस.

हिशेब सोपा: पंचाहत्तर.
पण हे वजन नव्हे, वाटा.
एका हायड्रोजनमागं पंचाहत्तर.
आत एकटाच असेल तर तेवढंच,
दोघे असतील तर दीडशे, तिघे तर सव्वादोनशे.
माणशी धान्य किती एवढंच कळलं
आणि रेशनकार्ड कुणी दाखवेना.

तस्लीमनं मीटर लावून आलेख काढला.
एकच उडी. "एकटाच आहे गं."
मॅडमनी चष्मा वर सरकवला:
काही पायऱ्या इतक्या जवळजवळ असतात
की चढणाऱ्याला एकच वाटते.

तक्त्यावर बोट.
सक्सिनिक एकोणसाठ, ऑक्झॅलिक त्रेसष्ट,
लिंबातलं, पाण्यासकट, सत्तर.
माझं मन लिंबावरच बसलं होतं सकाळपासून.
आणि गंमत अशी, ती पहिली, ओतून दिलेली फेरी धरली
तर बरोब्बर सत्तर येतं.
एकवीस पूर्णांक चार. पेन्सिलनं लिहिलेलं अजून दिसत होतं.
खोडरबर हातात.
मामा बाकं पुसत होते, माझ्याकडे बघतही नव्हते.

मी ते खोडलं नाही. वापरलंही नाही.
आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं: हात सुटला.

मग दीडशे. दोघे.
खात्रीसाठी द्रावण उदासीन केलं,
सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया,
परीक्षानळी गरम पाण्यात उभी.
आधी काळपट, मग काहीच नाही, मग
काचेच्या आतून चांदी चढत गेली
आणि तीत माझं नाक, लांबुळकं.

हुपरीच्या गाडीत खिडकी मिळाली.
घरी आई परातीत पैंजण घासत बसलेली,
कोपरापर्यंत चिंचेचा कोळ,
नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या.
काय सापडलं आज?
चिंच, म्हटलं.
तिनं पैंजण उजेडात धरला, उलटा केला, परत बुडवला.
"आणि त्याच्यासाठी रोज कोल्हापूर गाठतीस व्हय?"